पाऊल आडवं टाकायचं

शीलाने मला फसवलं. एका दिवसात, एका व्यवहारात नव्हे; वर्षानुवर्षं, माझ्या शेडमध्ये फळ्यांच्या थप्पीवर बसून, माझ्याच कपातला चहा पीत फसवलं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, या बाईला फसवणं सोपं नाही असंच तो सांगेल. गाडीत वर कोरडा माल आणि खाली ओला घालणारे, मोजताना टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून धरणारे, गाठी बुजवून वरून रंग मारणारे... सगळे बघितले आणि सगळ्यांना आवाज चढवून गेटबाहेर काढलं. आणि मला फसवून गेली कोण, तर भाजीवाल्याने सांगितलेला भाव मुकाट्याने देणारी, कुरडया-पापड करून विकणारी शीला. आता ती नाही. भांडायला समोर कोणी नसलं की माझ्यासारख्या बाईचं फार अवघड होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

बातमी आली तेव्हा मी फोनवर एका गाडीवाल्याला झापत होते. माझा धंदा पॅलेटचा. द्राक्षांच्या पेट्या ज्याच्यावर रचून परदेशी जातात तो लाकडी चौरंग म्हणजे पॅलेट. आम्ही तो पाइनच्या लाकडाचा करतो. हलकं, सरळ, खिळा पटकन घेणारं लाकूड. त्या लाकडाची गाडी यायची होती. "गाडी निघाली का?" मी विचारत होते. "निघायचीच आहे मॅडम." "निघायची आहे म्हणजे निघालेली नाही. सरळ बोल." "माल भरायचं चाललंय..." "चाललंय की भरायचाय?" पाठवला आणि पाठवायचा, दिला आणि द्यायचा... माझं निम्मं आयुष्य या दोन शब्दांमधल्या फटीवर पहारा करण्यात गेलं आहे. मध्येच दुसरा फोन वाजायला लागला. शीलाच्या शेजारच्या जाधवकाकू. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग उचलला तो ओरडतच, "काकू, कामात आहे मी!" पलीकडून त्या इतकंच म्हणाल्या, "मंदाताई, काम राहू द्या आता. शीला गेली."

वैशाखातली दुपार होती. सिडकोतल्या तिच्या घराच्या गच्चीवर ती वाळवण घालायला गेली, खाली येताना जिन्यातच छातीवर हात ठेवून बसली, आणि उठलीच नाही. मी पोचले तेव्हा खोलीत बायका जमल्या होत्या. लोकांना अशा वेळी रडू येतं, मला राग येतो. कोणाला काही बोलून जाईन या भीतीने मी सरळ गच्चीवर गेले. जुन्या साडीवर कुरडया तशाच पसरलेल्या होत्या, उन्हाने कडकडीत झालेल्या. आणि कठड्यावर तिचं लाकडाचं फूल. तीच त्याला फूल म्हणायची. खरं तर ते पाइनच्या झाडाचं फळ. मुठीत न मावणारं, तपकिरी, लाकडाच्या पाकळ्यांचं. हवा कोरडी असली की त्याच्या पाकळ्या उघडतात, दमट झाली की आपोआप मिटतात. त्या दिवशी ते पूर्ण उघडलेलं होतं. मी खाली बसून कुरडया गोळा केल्या आणि डब्यात भरल्या. जिन्यातून कोणीतरी म्हणालं, "बघा, यांना अशा वेळीसुद्धा..." म्हणू दे. ते वाळवण कोणीतरी उचलायला हवं होतं.

आमची ओळख भांडणाने झाली. माझ्या सगळ्याच ओळखी भांडणाने होतात, पण हे भांडण वेगळं होतं. तेव्हा शेड नव्हती, चार पत्रे होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येत, त्यांची लाकडी खोकी मोडून कुंपणाला टाकलेली असत. ती मी उचलून आणायचे, खिळे उपटायचे, फळ्या वेगळ्या करून विकायचे. नवऱ्याचं घर सोडून आले होते. ती हकीकत इथं नको. हातांवर कायम खिळ्यांचे ओरखडे आणि तोंडात कायम शिवी. असल्या दिवसांत एकदा एक बारीकशी बाई दारात येऊन उभी राहिली. कुरडयांचा चीक शिजवायला तिला चुलीसाठी ढलप्या हव्या होत्या. मी म्हटलं, पिशवी भरा आणि निघा. तिने पिशवी भरली, पण निघाली नाही. एक फळी उचलून नाकाला लावली, डोळे मिटून तशीच उभी राहिली, आणि मग मला विचारलं, "चीड आहे का?"

मी हातोडा खाली ठेवला. "चीड? आहे ना! तो भंगारवाला सकाळी येऊन डोकं खाऊन गेला तेव्हापासून आहे. आता तुम्ही विचारलंत म्हणून आणखी आहे!"

ती आधी घाबरली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अहो, तुमची नाही विचारत. लाकडाची विचारते. झाडाचं नाव आहे ते, चीड. यांचं पोस्टिंग होतं ना, त्या डोंगरात असतं. पिवळसर लाकूड, कापलं की चिकट पाझरतं, आणि पेटलं की काळा धूर."

"हे पाइन आहे. परदेशातून येतं."

"मग तिकडची चीड असेल," ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिची चीड झाले. शेडच्या दारात येऊन ती "चीड आहे का?" विचारायची, आणि मी आतून "आहे, या!" ओरडायचे. कामगारांना वाटायचं, बाई आज तापलेल्या आहेत, म्हणून ते आधीच गप्प व्हायचे. तिचा नवरा फौजेत होता. कालका सोडलं की वरचे जे कोरडे, उन्हाचे डोंगर लागतात, तिथल्या एका छावणीत. तिथंच रस्ता सुटून त्यांची गाडी दरीत गेली आणि शीला ऐन तरुणपणी विधवा झाली. मूल नव्हतं. सासर नांदगावकडचं, कांदा-हरभऱ्याचं. तिथून ती सिडकोत आली, एका खोलीत राहायला लागली, आणि वाळवणं करून विकायला लागली. हे एवढं तिने पहिल्या महिन्यातच सांगितलं. दुःख म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं.

ती मन लावून सांगायची ते त्या डोंगराचं. आम्हाला दोन खोल्या होत्या, म्हणायची, खिडकी उघडली की समोर उतारच उतार आणि त्यावर चीड. सरळ उभी, खाली काही उगवू न देणारी झाडं. पानं नाहीतच, सुया. तीन-तीन सुयांची जुडी. त्या गळून उतारावर गालिचा होतो. "त्याच्यावरून चालताना पाऊल आडवं टाकायचं," ती सांगायची आणि थप्पीवर बसल्या बसल्या पाय वळवून दाखवायची. "सरळ टाकलं की बसलंच माणूस खाली. सुया गोळा करायच्या, गाय असली तर गोठ्यात अंथरायच्या. चूल पेटवायला रॉकेल नाही लागत. चिडाच्या बुंध्यातली राळेची काडी घ्यायची, लगेच धरते. आणि उन्हाळ्यात डोंगर पेटतो तेव्हा घाबरायचं नाही. खिडक्या लावून घ्यायच्या, दाराखाली ओलं फडकं लावायचं. आग वरच्या वर निघून जाते. जाडजूड साल असते, झाडं काळी होतात पण मरत नाहीत." मी खिळे ठोकत ऐकायचे. पाइनच्या लाकडावर माझं घर चाललं होतं, पण ते झाड उभं कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. मला ते तिच्यामुळे दिसायला लागलं. आमच्या शेडमध्ये मेलेली झाडं, आणि तिच्या तोंडी जिवंत.

ते फूल तिच्या नवऱ्याने सुट्टीवर येताना आणलेलं. त्याच्यावर तिचा सगळा धंदा. सकाळी उठून आधी कठड्यावर बघायचं: उघडलेलं असेल तर वाळवण घालायचं, पाकळ्या आवळल्या असतील तर आभाळ कितीही स्वच्छ दिसो, चीक भिजतच ठेवायचा. अवकाळीने शेजारपाजारच्या बायकांचे पापड बुरसटले तरी शीलाचे कधी बुरसटले नाहीत. पुढे मीही तेच करायला लागले. लाकूड दमट राहिलं की पॅलेटला बुरशी येते आणि निर्यातदार माल परत पाठवतो. ओल मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, चांगलं महागाचं, घासाघीस करून घेतलेलं. तरी रोज सकाळी मी तिला फोन करायचे. "शीले, फूल काय म्हणतं?" "अर्धं मिटलंय गं. आज झाकून ठेव." एवढंच बोलणं. मला रोज सकाळी उठून कोणाला तरी फोन करायचा होता आणि तिला रोज सकाळी कोणाचा तरी फोन यायला हवा होता, हे आम्ही दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. ओलीचं निमित्त पुरेसं होतं.

"मला तुझं जंगल दाखव," मी तिच्या मागे लागले होते. ती टाळायची. कधी वाळवणाचा हंगाम, कधी गुडघे. एका वर्षी मी कोणाला न विचारता दोघींची तिकिटं काढली, आणि तिला बॅग भरायला लावून नाशिकरोडला घेऊन आले. गाडी फलाटाला लागली, मी बॅगा वर टाकल्या, मागे वळून बघते तर ही बाकावर बसलेली. "चल ना!" "मला नाही जमायचं, मंदा." "म्हणजे? पैसे काय झाडाला लागतात माझ्या?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनी न्यायचं होतं गं मला." मला वाटलं, नवऱ्याची आठवण आली. जिथं दोघं राहिले तिथं एकटीने जायचं म्हणजे अवघडच... तेवढं मला कळतं. पण राग आला की मला कळलेलंही वळत नाही. "बस मग इथंच!" म्हणून मी गाडीत चढले. गाडी हलली तशी ती उठून खिडकीशी आली आणि चालता चालता म्हणाली, "नीट बघून ये. सगळं बघून ये."

मी दिल्लीला गाडी बदलली, कालक्याला उतरले, आणि बसने वर गेले. छावणीच्या आत मला कोणी सोडणार नव्हतं, म्हणून गेटच्या अलीकडच्या एका चहाच्या टपरीवर बसले. समोर तो उतार. शीलाने सांगितला तसाच. एकही गोष्ट चुकीची नाही. सरळसोट खोड, त्यांना खाच पाडून राळेसाठी लावलेल्या वाट्या, खालून काळी पडलेली साल. जमीन कोरडी ठणठणीत, आणि त्या सुयांचा तपकिरी गालिचा. वारा आला की पानांचा सळसळाट होत नाही तिथं. लांबून पाणी येत असल्यासारखा आवाज होतो, आणि पाणी येत नाही. मी पाऊल आडवं टाकत थोडी वर चढले. वर जाऊन बसले आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की हे दाखवायला, याच्यावर बोलायला माझ्याजवळ कोणीच नाही. जिचं जंगल तीच नाशिकरोडच्या बाकावर. इतकं एकटं मला नवऱ्याचं घर सोडतानाही वाटलं नव्हतं. रागाने मी एका पोत्यात सुया भरायला सुरुवात केली. टपरीवाला विचारत होता, बहनजी, ये किस काम आएगा? मी म्हटलं, एक औरत के मुँह पे मारने के लिए.

ते पोतं मी खरंच तिच्यापुढे आणून आपटलं. ती रागावली नाही, रुसली नाही. तिने मला चहा करून दिला आणि विचारायला लागली. "वास कसा गं? शेडसारखाच का?" मी म्हटलं, "शेडमधला वास म्हणजे काहीच नाही. उन्हात खोडं तापली की गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो." "आणि वाऱ्याचा आवाज?" सांगितला. "उतारावर बसलं की काय दिसतं?" सांगितलं. मला वाटलं, माझी परीक्षा घेते आहे. खरंच गेले होते की दिल्लीहूनच परत आले, ते तपासते आहे. म्हणून मीही एकेक तपशील घासून-पुसून सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन शेडवर आली. आमच्याकडे माल चढवायचा सिमेंटचा उतार आहे, त्याच्यावर तिने त्या सुया पसरल्या. चपला काढल्या, साडी जरा वर खोचली, आणि पाऊल आडवं टाकत वर जायला लागली. कामगार काम थांबवून बघत होते. "अगं, हाडं मोडून घेशील!" मी ओरडले. मधेच तिने पाऊल सरळ टाकलं. मुद्दाम टाकलं, मी बघितलं. सटकली, कठडा धरला, आणि लहान पोरीसारखी हसली. "घसरतं गं! खरंच घसरतं!" त्या दिवसानंतर तिच्या गोष्टींत वासही यायला लागला, वाराही यायला लागला. गोडसर वास, डोक्यात चढणारा. लांबून पाणी येत असल्यासारखा आवाज. मी ऐकत राहिले. माझाच माल मला विकला जातो आहे आणि मी मान डोलावते आहे... ही मी, अंबडची मंदाकिनी!

आता गोदेवरच्या, आमच्या गंगेवरच्या, दशक्रियेचं सांगते. आमच्याकडे दहाव्याला घाटावर माइक असतो. पुढारी, सोयरे, ओळखीचे, सगळे दोन शब्द बोलतात. शीलासाठी कोण बोलणार? तिचे दीर भाऊसाहेब विधीला बसले होते, चारदोन गावकरी आले होते. एकाने उठून "मनमिळाऊ स्वभाव" वगैरे म्हणून घेतलं. मला राहवलं नाही. बायका सहसा बोलत नाहीत तिथं, पण मी माइक घेतला आणि तिचं जंगल सांगितलं. एवढीशी बाई त्या डोंगरात कशी राहिली, वणवा लागला तेव्हा दाराखाली ओलं फडकं लावून कशी बसली, सुयांवरून कशी चालायची... लोक ऐकत राहिले. माझा आवाज पहिल्यांदाच भांडण्याशिवाय इतका वेळ चालला असेल. बोलून खाली आले. भाऊसाहेब जवळ आले, ओल्या धोतराने, मुंडण केलेलं डोकं पुसत.

"ताई, लय भारी बोलल्या तुम्ही. पर वैनी तिकडं कधी गेलीच नाय."

"कुठं?"

"त्या डोंगरात. दादाला क्वार्टर मिळालं व्हतं, दोन खोल्यांचं. तो न्यायला आलता तिला. ट्रंक भरून ओट्यावर काढून ठेवलेली. पर कांद्याची लागण आली, आईच्यानं एकटीच्यानं व्हईना. मंग म्हणलं, पुढच्या सुट्टीला ने. त्यो गेला एकटाच. आन पुढची सुट्टी..." त्यांनी हात उडवला. "मंग कोन पाठवतंय."

मी विचारलं, "आणि ती ट्रंक?"

"ती व्हती की घरात. आम्ही तिच्यात हरभऱ्याचं बी ठेवायचो."

चिडून मी तिथून निघाले. कोणाचाही निरोप घेतला नाही. रिक्षात बसून शीलाला तोंडाला येईल ते बोलले. रिक्षावाला आरशातून बघत होता. खोटारडी! इतकी वर्षं, रोज, माझ्या तोंडावर! आणि मी चारचौघांत माइकवर तिचं खोटं वाजवून आले. शेडवर येऊन मी फळ्यांच्या थप्पीला लाथ मारली. मग त्या थप्पीवरच बसले. तिच्या जागेवर. आणि भाऊसाहेबांचं ते शेवटचं वाक्य कानात परत परत वाजायला लागलं. आम्ही ठेवायचो. ठेवायचो...

शीला तसं कधी म्हणाली होती का?

मी तिची एकेक गोष्ट आठवायला लागले, समोरच्या पार्टीने नेमके काय शब्द वापरले होते ते आठवावं तशी. पाऊल आडवं टाकायचं. सुया गोळा करायच्या. काडी घ्यायची. खिडक्या लावून घ्यायच्या. घाबरायचं नाही. एकदाही ती "मी टाकायचे" म्हणाली नव्हती, "आम्ही घ्यायचो" म्हणाली नव्हती. टाकायचं! मी ऐकत आले होते ती झालेल्या दिवसांची हकीकत, आणि ती सांगत होती त्या सूचना होत्या. नवऱ्याने त्या एका सुट्टीत, ट्रंक भरता भरता बायकोला दिलेल्या सूचना. तिथं गेल्यावर पाऊल आडवं टाकायचं हं. वणवा लागला तर घाबरायचं नाही. आम्हाला दोन खोल्या होत्या, होत्याच की. यांनी न्यायचं होतं गं मला, न्यायचंच होतं. तिने सगळं पाठ करून ठेवलं होतं आणि तो धडा म्हणून दाखवायला तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. निघाली आणि निघायची आहे, यांच्यातली फट गाडीवाल्याच्या तोंडून मला दहा कोसांवरून ऐकू येते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या तोंडून ती मला ऐकू आली नाही.

पण म्हणून तिला अगदीच सोडत नाही मी. "तू तिथं राहायचीस तेव्हा..." असं मी कितीदा म्हटलं असेल, आणि ती दर वेळी "चहा घे" म्हणायची. सौद्यात समोरचा चुकीचं समजतो आहे हे दिसत असताना गप्प बसणं म्हणजे होकारच धरतात. तेवढं फसवणं तिच्या नावावर राहील. आणि एक गोष्ट मला अजून खाते. ती रोज शेडवर यायची ती माझ्यासाठी, की पाइनच्या वासासाठी? हे विचारायला आता कुठं जाऊ? मग मला तो फलाट आठवतो. जिथं तिला आयुष्यभर जायचं होतं, तिथं तिने मला पाठवलं. सगळं बघून ये म्हणाली. आपली अशी जागा आपण कोणाच्या डोळ्यांनी बघून घेतो? वासासाठी येणारं माणूस फळी उचलून घरी नेतं, रोज येऊन बसत नाही. एवढा हिशोब मी माझ्यापुरता मिटवला आहे. बरोबर की चूक, ते सांगणारी नाही.

तेराव्यानंतर तिची खोली रिकामी करत होते. भाऊसाहेबांची बायको भांडी बांधत होती. मी कठड्यावरचं फूल उचललं. "ते काय करता ताई?" "हे माझं आहे." "असू द्या, लाकूडच हाय." मी घासाघीस करायच्या तयारीने गेले होते, करायची वेळच आली नाही. आता ते माझ्या शेडमधल्या टेबलावर आहे. आषाढाची ओल भरली आहे आणि पाकळ्या गच्च मिटल्या आहेत, आत हवाही शिरणार नाही इतक्या. सकाळी हात फोनकडे जातो. मग मी टेबलाकडे बघते आणि मोठ्याने विचारते, "फूल काय म्हणतं?" कामगारांना वाटतं बाई कोणाशी तरी फोनवर बोलतात. मी त्यांना वाटू देते.

भाऊसाहेब, हे ज्या वर्तमानपत्रात छापून येईल त्याचं हे पान नांदगावला येतं हे मला माहीत आहे. तुम्ही तेव्हा लहान नव्हता, मिसरूड फुटलेलं होतं. आई आता नाही हे मला सांगू नका, आणि त्या वेळी तशीच रीत होती हेही सांगू नका. घाटावर तुम्ही ती गोष्ट मला बाजूला घेऊन, डोकं पुसत सांगितलीत. ती माइकवर सांगायची होती. या बाईला दोन खोल्या मिळाल्या होत्या, नवरा न्यायला आला होता, आणि आम्ही कांद्याच्या लागणीसाठी तिला तिच्याच संसाराला जाऊ दिलं नाही, हे चार लोकांत म्हणायचं होतं. ते राहिलं आहे. मी धंदेवाली बाई आहे, मुदत देते. पावसाळा सरला की हवा कोरडी होईल, टेबलावरचं फूल उघडेल. तोवर माझ्या शेडवर या. चहा मिळेल, शिव्याही मिळतील. थप्पीवर तिच्या जागेवर बसा आणि मला एवढंच सांगा. ओट्यावर काढलेली ती ट्रंक उचलून आत कोणी नेली, आणि तिच्यातल्या साड्या काढून हरभरा कोणी भरला? "भरायचा होता" असं म्हणू नका. कोणी भरला, ते नाव सांगा.